वल्हेकऱ्यांचा रोजमुरा

सोलापूरचा भुईकोट पाहायला आलेल्या पाहुण्यांना बहमनी काळातली बांधणी दाखवली जाते, शेजारचा सिद्धेश्वर तलाव दाखवला जातो, १८१८ च्या मे महिन्यातली पेशवाईची शेवटची झुंज सांगितली जाते. या किल्ल्यातल्या एका कैद्याचे नाव मात्र क्वचितच निघते. तो कैदी म्हणजे तुळाजी आंग्रे. सरखेल कान्होजींचा मुलगा, विजयदुर्गाचा धनी. १७५६ मध्ये हाती लागल्यावर त्याला आधी साताऱ्याजवळच्या वंदन किल्ल्यावर डांबले, पुढे सोलापुरात हलवले आणि इथेच तो वारला, असे ग्रँट डफ लिहितो. ज्याचे सगळे बळ खाऱ्या पाण्यावर होते त्याला समुद्रापासून इतके लांब नेऊन ठेवण्यात पुणेकरांचा हिशेब असावा.

तुळाजीचे आरमार भर समुद्रात हरले नाही. ते बंदरात, किल्ल्याच्या आडोशाला नांगरलेले असताना, एका दुपारी जळून गेले. हे कसे झाले ते नीट कळायचे तर थोडे लांबून, भूमध्य समुद्रावरून यावे लागेल. वल्ह्यांच्या लढाऊ जहाजाचे सामर्थ्य कशात असते आणि त्याचा घात कुठे होतो, या दोन्ही गोष्टी ग्रीकांनी फार बारकाईने लिहून ठेवल्या आहेत.

इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकातले अथेन्सचे मुख्य लढाऊ जहाज ट्रायरीम. लांबी साधारण ३७ मीटर, रुंदी सहा मीटरांच्या आत. आत वल्हेकऱ्यांच्या एकावर एक तीन रांगा, एका माणसाला एक वल्हे. वरच्या रांगेत ६२, मधल्या आणि खालच्या रांगांत प्रत्येकी ५४, म्हणजे एकूण १७० वल्हेकरी. त्यांच्या जोडीला खलाशी, सुकाण्या, बासरी वाजवून ताल धरणारा, थोडे शिपाई आणि चार तिरंदाज धरले की दोनशे माणसे होत. लढाईआधी शिडे किनाऱ्यावर उतरवून ठेवायची, ओझे नको म्हणून. जहाजाच्या तोंडाला, पाण्याच्या पातळीवर, काशाचे जड टोक बसवलेले असे. शत्रूच्या कुशीत हे टोक घुसवायचे आणि लगेच उलटी वल्ही मारून मागे सरायचे. फार खोल घुसले तर आपलेच जहाज अडकणार, उथळ लागले तर काम होणार नाही. म्हणजे या जहाजावर शस्त्र चढवलेले नव्हते, जहाज हेच शस्त्र होते आणि ते चालवायला १७० जणांचे हात एका तालात पडावे लागत.

हॉलिवूडच्या 'बेन हर'ने वल्हेकरी म्हटला की साखळदंडातला गुलाम आणि पाठीवर चाबूक, असे चित्र आपल्या डोक्यात पक्के बसवले आहे. अथेन्सच्या बाबतीत ते चुकीचे आहे. तिथला वल्हेकरी बहुतेक वेळा पगारी आणि स्वतंत्र माणूस होता. ज्याच्याकडे चिलखत घ्यायला पैसे नाहीत असा गरीब नागरिक वल्ह्यावर बसे आणि नगरसभेत हात वर करून मतही देई. कौशल्याच्या कामाला चाबूक पुरत नाही, हे अथेन्सला ठाऊक होते.

पैसा आला कुठून? लॉरियमच्या खाणीतून. इ. स. पू. ४८३ च्या सुमारास तिथे चांदीचा मोठा साठा लागला. ती चांदी नागरिकांना वाटून टाकावी असा विचार चालला होता. थेमिस्टोक्लीसने तो मोडून काढला आणि त्या पैशातून ट्रायरीम बांधायला लावल्या. तीन वर्षांनी, इ. स. पू. ४८० मध्ये, सलामिसच्या चिंचोळ्या खाडीत याच जहाजांनी इराणच्या बादशहाचे प्रचंड आरमार मोडले. आपल्याकडे कोणत्याही राजाला अचानक चांदी सापडली असती तर तिचे काय झाले असते, याचा अंदाज वाचकाने आपापल्या जबाबदारीवर करावा.

जहाज बांधणे हा मात्र खर्चाचा छोटा भाग होता. खरा खर्च रोजच्या पोटाचा. इ. स. पू. ४१५ च्या सिसिलीच्या मोहिमेसाठी सेगेस्टा या तिथल्या नगराने साठ जहाजांचा एका महिन्याचा पगार म्हणून साठ टॅलेंट चांदी आणून दिल्याची नोंद थ्युसिडिडीज करतो. हिशेब सरळ आहे. दोनशे माणसे, माणशी रोज एक द्राख्मा, तीस दिवस, म्हणजे सहा हजार द्राख्मा, म्हणजे एक टॅलेंट, म्हणजे सुमारे २६ किलो चांदी. एका जहाजाला, एका महिन्याला. शंभर जहाजे समुद्रात ठेवायची तर दरमहा अडीच टनांहून जास्त चांदी पाण्यात जाणार. लॉरियमची खाण यासाठी पुरेना, म्हणून अथेन्सने इजियन समुद्रातल्या दोस्त नगरांकडून वर्गणी घ्यायला सुरुवात केली. पुढे ती वर्गणी राहिली नाही, खंडणी झाली.

पोटाची गोष्ट निघाली आहे तर तहानेचेही सांगतो. १९८७ मध्ये ग्रीसमध्ये 'ऑलिम्पियास' नावाची ट्रायरीम अभ्यासासाठी नव्याने बांधून पाण्यात सोडली. जॉन मॉरिसन हा अभिजात भाषांचा अभ्यासक आणि जॉन कोट्स हा जहाजरचनाकार, अशा दोघांनी जुन्या चित्रांवरून आणि लेखांवरून तिचा आराखडा काढला होता. हौशी वल्हेकऱ्यांनी ती थोड्या अंतरापुरती नऊ नॉटच्या आसपास वेगाने पळवली. पण उन्हात वल्ही मारणाऱ्या माणसाला तासाला जवळजवळ एक लिटर पाणी लागते, हेही तेव्हा कळले. दहा तासांचे १७० जणांचे पाणी सतराशे लिटर होते. इतके पाणी, धान्य आणि झोपायची जागा त्या अरुंद जहाजात कुठून येणार? म्हणून ट्रायरीम रोज रात्री किनाऱ्याला लागायची. माणसे उतरत, चूल पेटवत, विहीर शोधत. शिवाय लाकूड पाणी पिऊन जड झाले किंवा त्याला कीड लागली की वेग गेला. म्हणून जहाजे वेळोवेळी वाळवावी लागत. अथेन्सच्या पिरेअस बंदरात त्यासाठी उतरत्या ओट्यांवर छपरे घातलेली जहाजघरे होती. इ. स. पू. चौथ्या शतकातल्या दगडी नोंदींत त्यांची संख्या ३७२ दिली आहे.

या आरमाराचा अंतही किनाऱ्यावरच झाला. इ. स. पू. ४०५ मध्ये इगोस्पोटामी नावाच्या उघड्या पुळणीवर अथेन्सची पावणेदोनशेच्या आसपास जहाजे लागली होती. तिथे ना गाव, ना बाजार. पलीकडच्या काठावर स्पार्टाचा लायसँडर भरलेल्या बाजारपेठेशेजारी आरामात बसला होता. अथेन्सवाले रोज सकाळी लढाईला पुढे जात, तो बाहेर पडत नसे. ते परत येत आणि खाणेपिणे मिळवायला पांगत. इथून हला, सेस्टोसला बंदर आहे, बाजार आहे, असे अल्सिबायडीजने येऊन सांगितले. सेनापतींनी त्याला हाकलून दिले. पाचव्या दिवशी माणसे पांगल्यावर लायसँडरने झडप घातली. नऊ-दहा जहाजे निसटली, बाकी सगळी पुळणीवरच सापडली. सत्तावीस वर्षे चाललेले युद्ध त्या दुपारी संपल्यात जमा झाले. संपायचे कारण जेवण.

आता कोकणात येऊ. सतराव्या आणि अठराव्या शतकांत इथे वल्ह्यांचे लढाऊ जहाज पुन्हा भेटते, फक्त काशाच्या टोकाऐवजी तोफ घेऊन. इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने आंग्र्यांच्या जहाजांचे नेमके वर्णन केले आहे. गुराब साधारण दीडशे ते तीनशे टनांची, दोन किंवा तीन डोलकाठ्यांची. मध्यावर रुंद आणि पुढे निमुळती होत गेलेली. तिची नाळ भूमध्य समुद्रातल्या गॅलीसारखी दिसते, असे खुद्द ऑर्मच म्हणतो. त्या नाळेवरून थेट समोर मारा करणाऱ्या दोन मोठ्या तोफा. म्हणजे ट्रायरीमप्रमाणे इथेही जहाजाचे तोंड शत्रूकडे रोखले की शस्त्र रोखले गेले. गलबत त्याहून लहान, बहुधा सत्तर टनांच्या आतले. त्याला चाळीस-पन्नास दणकट वल्ही, ताशी चार मैलांचा वेग.

ताशी चार मैल ही काय मोठी गोष्ट, असे वाटेल. पण कोकणचा वारा कसा वाहतो ते शाळेच्या भूगोलात सगळ्यांनी पाठ केलेले असते. दुपारी समुद्राकडून खारे वारे, रात्री जमिनीकडून मतलई वारे. एक थांबून दुसरा सुरू होईपर्यंत मध्ये वारा पडतो. त्या वेळात शिडाचे भले थोरले इंग्रजी जहाज जागच्या जागी डुलत राहते, आणि तेव्हा ताशी चार मैल म्हणजे सगळेच. ऑर्म सांगतो त्याप्रमाणे आंग्र्यांचा डाव असा असे: आठ-दहा गुराबा आणि चाळीस-पन्नास गलबते खाडीत दबा धरून असत. सावज दिसले की नांगर सोडून बाहेर. वारा पडलेला असेल तर गलबते वल्ही मारत गुराबांना दोर लावून ओढत नेत. मग सावजाच्या मागच्या बाजूला, जिकडे त्याच्या तोफा कमी, तिकडे सगळी जमत. गुराबा लांबून डोलकाठ्यांवर मारा करत. जहाज लुळे झाले की माणसांनी खच्चून भरलेली गलबते चारी बाजूंनी भिडत आणि तलवारी घेऊन लोक वर चढत.

हे तंत्र आंग्र्यांनी शून्यातून काढले नव्हते. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाती आल्यावर शिवाजी महाराजांनी तिथल्या खाडीत जहाजबांधणी सुरू केली. १६६४ च्या नोव्हेंबरमध्ये मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला. या किल्ल्याची तटबंदी आणि पद्मदुर्गाशी तुलना यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला मात्र तिथल्या दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन गोड्या विहिरी जास्त महत्त्वाच्या वाटतात. भोवती खारे पाणी आणि मध्ये गोड्या पाण्याचा झरा असलेला खडक शोधणे, हे सतराशे लिटरांचे गणित कळलेल्या माणसाचे काम आहे. जलदुर्ग म्हणजे समुद्रातला पहारा, असे आपण समजतो. त्याआधी तो आरमाराची विहीर, कोठार आणि निवारा आहे.

खांदेरीला हे सगळे एकत्र पाहायला मिळाले. १६७९ च्या पावसाळ्यात मायनाक भंडारी मुंबई बंदराच्या तोंडाशी असलेल्या या बेटावर उतरला आणि तटबंदी घालू लागला. इंग्रज हादरले. १८ ऑक्टोबरला पहाटे नागावच्या खाडीतून मराठ्यांच्या चाळीस-पन्नास होड्या वल्ही मारत इंग्रजांच्या ताफ्यावर आल्या. 'डव्ह' या जहाजाने निशाण उतरवले आणि ते मराठ्यांच्या ताब्यात गेले. कॅप्टन केग्विनच्या 'रिव्हेंज'ने तोफांनी पुढची फळी परतवली हे खरे, पण त्याने नाकेबंदी काही साधली नाही. उथळ पाण्यातून, रात्रीच्या अंधारात, धान्य आणि दारूगोळा बेटावर पोहोचतच राहिला. मोठी जहाजे खडकांच्या भीतीने जवळ जाईनात. १६८० च्या जानेवारीत इंग्रज निघून गेले. ज्याला आपण विजय म्हणतो तो इथे शिधा पोहोचवण्याचा विजय होता, आणि त्याने त्याची किंमत जराही कमी होत नाही.

ही वल्ही कोण मारत होते? कोळी, भंडारी, गाबीत, दालदी. अथेन्सच्या वल्हेकऱ्याला निदान मत होते. आपल्या तांडेलांना आणि खलाशांना फार तर इनाम मिळाले, बखरीत नाव क्वचितच मिळाले.

त्यांच्या पगाराचा विचार मात्र एका मराठी ग्रंथात फार स्पष्टपणे केलेला आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेल्या आज्ञापत्रात, म्हणजे १७१५-१६ च्या सुमारास, आरमाराला राज्याचे स्वतंत्र अंग मानले आहे आणि मग एकदम व्यवहारावर हात घातला आहे. एका सुभ्याला पाच गुराबा आणि पंधरा गलबते असावीत. त्यांचा खर्च मुलखाच्या वसुलातून बांधून द्यावा, बंदरात जे मिळेल त्यावर सोपवू नये. कारण आरमाराचे पोट बंदरावर टाकले की ते सावकारांना, व्यापाऱ्यांना नाडणार आणि व्यापारी गेले की बंदर ओस पडणार. लाकूड सागाचे घ्यावे, तेही परवानगीने. आंबा-फणसाला हात लावू नये, कारण रयतेने ती झाडे वर्षानुवर्षे वाढवलेली असतात. पावसाळ्याआधी जहाजे कुठे ओढून ठेवायची, हेही त्यात येते. मला या पानांचे मोल अनेक लढायांच्या वर्णनांहून जास्त वाटते. आरमार लढते समुद्रावर, पण त्याचा रोजमुरा देशावरच्या ज्वारीतून निघाला पाहिजे, असे कुणी इतक्या स्वच्छपणे सांगितलेले मी तरी दुसरीकडे वाचलेले नाही.

आणि देशावरच्या माणसाने तो का द्यावा, याचे उत्तर सोलापूरच्या उशाशी आहे. बार्शीपलीकडचे तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशी-व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर ते सांगितले आहे. तिथले कापड, साधेही आणि तलमही, गाड्यांवर लादून आडवाटांनी थेट भडोचला जाई. खरे म्हणजे कल्याण किती तरी जवळ. पण कल्याणला तेव्हा अडवणूक होती. तिथे चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे तोच लेखक नोंदवतो. बंदरावर सत्ता कुणाची, याचा फटका समुद्र कधी न पाहिलेल्या तेरच्या विणकराला असा बसत होता.

आरमाराचा खर्च जमिनीवरून उचलण्यात सगळ्यात तरबेज निघाले ते रोमन. मुळात शेतकऱ्यांचे राष्ट्र. कार्थेजशी गाठ पडल्यावर त्यांनी किनाऱ्याला लागलेले एक कार्थेजी जहाज नमुना म्हणून घेतले, आणि जहाजे तयार होईपर्यंत जमिनीवर बाके मांडून वल्हेकऱ्यांना ताल शिकवला, असे पॉलिबियस सांगतो. पुढे वादळांत त्यांची शेकडो जहाजे बुडाली, खजिना आटला. तेव्हा श्रीमंत नागरिकांनी, जिंकलो तर परत द्या, या बोलीवर स्वतःच्या पैशाने नवे आरमार उभे केले. इ. स. पू. २४१ मध्ये सिसिलीजवळच्या एगाडी बेटांपाशी त्याच आरमाराने युद्ध संपवले. गेल्या वीसएक वर्षांत तिथल्या समुद्रतळातून जहाजांची काशाची टोके वर काढली जात आहेत. त्यांतल्या काहींवर ओतीव अक्षरे आहेत. ती कुणा शूर सेनापतीची नावे नाहीत. माल तपासून मंजूर करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांची आहेत.

या उजेडात १७५६ चा विजयदुर्ग पाहावा. कान्होजी असेपर्यंत इंग्रजांना खांदेरी, विजयदुर्ग, कुलाबा यांपैकी काहीही घेता आले नव्हते. १७२१ मध्ये तर पोर्तुगीज मदतीला असूनही त्यांना अलिबागहून हात हलवत परतावे लागले. १७२९ मध्ये कान्होजी गेले, मुलांत वाटण्या झाल्या, आणि तुळाजीचे पुण्याशी बिनसले. सरखेलीचे आरमार आता मुलखाच्या वसुलावर नव्हे तर दस्तकाच्या वसुलीवर आणि लुटीवर जास्त जगत होते. अमात्यांनी नको म्हटले होते नेमके तेच. नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी करार केला. १७५५ च्या एप्रिलमध्ये सुवर्णदुर्ग गेला. पुढच्या फेब्रुवारीत अ‍ॅडमिरल वॉटसनचा ताफा विजयदुर्गासमोर आला, त्यावर क्लाइव्हची पलटण होती, आणि जमिनीकडून पेशव्यांची फौज.

तुळाजीची जहाजे बाहेर पडूच शकली नाहीत. दोर बांधून, एकमेकांना खेटून, किल्ल्याच्या आश्रयाला ती उभी होती. इंग्रजांचा एक बाँबगोळा 'रिस्टोरेशन'वर पडला. हे जहाज आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडूनच पकडलेले. त्याने पेट घेतला आणि आग शेजारच्या गुराबांवर गेली, तिथून पुढे बांधणीत असलेल्या जहाजांपर्यंत. १३ तारखेला किल्ला पडला. पेशव्यांनी स्वतःचे आरमार स्वतः बुडवले, हे वाक्य आपल्याकडे शिव्यांसारखे वापरले जाते. ते अर्धे खरे आहे. गोळा इंग्रजांचा होता, आणि पेशव्यांचे आरमार पुढे धुळपांच्या हाताखाली विजयदुर्गातच नांदले. पण वल्ह्यांच्या आरमाराला जमीन पारखी झाली की काय होते, ते इगोस्पोटामीसारखेच इथे दिसले. समोरच्या तोफांशी लढता येते, मागचा किनारा शत्रूचा झाल्यावर कशाशी लढणार?

तुळाजी सोलापुरात मेला. १८८२ मध्ये याच शहरात वालचंद हिराचंद जन्मले. रेल्वेच्या ठेकेदारीत, म्हणजे अगदी जमिनीच्या धंद्यात, त्यांनी कमावले आणि ते जहाजांत घातले. १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी निघाली. युद्धात रुग्णालय म्हणून वापरलेले 'लॉयल्टी' हे जहाज ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडून घेतले होते. ते ५ एप्रिलला मुंबईहून लंडनला निघाले. आपला राष्ट्रीय सागरी दिन तोच. ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून सिंदियाला बुडवायचा प्रयत्न केला, तो फसला. मग वालचंदांनी जहाजे विकत घेण्यापेक्षा बांधायची ठरवली. विशाखापट्टणमच्या गोदीची पायाभरणी २१ जून १९४१ ला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते झाली, आणि १४ मार्च १९४८ ला पंडित नेहरूंनी 'जलउषा' पाण्यात सोडली. पुढे गोदी सरकारने घेतली. २०१० पासून हिंदुस्तान शिपयार्ड संरक्षण मंत्रालयाकडे आहे. नौदलाच्या पाणबुड्याही तिथे दुरुस्तीला येतात. 'सिंधुकीर्ती' २००६ मध्ये गोदीत गेली ती २०१५ मध्ये बाहेर आली. मधली नऊ वर्षे ती आरमाराच्या यादीत होती, समुद्रात नव्हती.